लहान होडीतून ट्रोलिंग करताना रॉड स्थिर कसे ठेवावेत?

खडपावरचा

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे १८ फुटी फायबरची होडी असून तिला ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. पावसाळ्यातील बंदी उठून समुद्र निवळला की, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, आम्ही दोघे-तिघे सुट्टीच्या दिवशी पहाटे मालवणहून निघतो आणि दक्षिणेला निवतीच्या दिशेने ट्रोलिंग करत, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत, जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात असल्यामुळे तो भाग पूर्णपणे मागे टाकल्यावरच लूर, म्हणजे नकली आमिष, पाण्यात सोडतो. लक्ष्य अर्थातच सुरमई. कधी कुपा लागतो, कधी नुसतेच ऊन लागते.

गेल्या फेब्रुवारीत एक रॉड रीलसकट समुद्रात गेला, म्हणून हा धागा काढला आहे. होडीच्या मागच्या बाजूला स्टीलच्या नळीचे रेलिंग आहे आणि त्यावर पकडीने आवळायचे दोन प्लास्टिकचे होल्डर मी बसवले होते. पकडीचे स्क्रू पक्कडीने शेवटच्या आट्यापर्यंत आवळले होते, हे शपथेवर सांगतो. मी थर्मासमधून चहा ओतत असताना रील एकदाच करकरले, होल्डर नळीभोवती गर्रकन फिरून खाली तोंड करून थांबला आणि रॉडचा बुंधा त्यातून साबणाच्या वडीसारखा निसटला. मी मागे वळेपर्यंत पाण्यावर काहीही उरले नव्हते. रीलच्या किमतीबद्दल घरी अजून पूर्ण सत्य सांगितलेले नाही.

दुसरी तक्रार रोजची आहे. मासा नसतानाही होल्डरमध्ये रॉड खडखडत राहतात, दुपारी वायव्येचा वारा उठला की शेंडे वेड्यासारखे झुलतात, आणि लूर नीट चालला आहे की त्यात शेवाळ अडकले आहे, हे मुळीच कळत नाही. होडीचा काठ जेमतेम चार बोटे रुंद आहे. अशा होडीवर रॉड पक्के आणि स्थिर कसे ठेवावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

फायबरवाला

मी होड्या बांधत नाही, परंतु बांधलेल्या होड्यांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे आणि उपटलेले होल्डर मी बरेच पाहिले आहेत. आपल्या पकडीचा दोष फार नाही. गोल नळीवर गोल पकड आवळली की तिला फिरण्यापासून रोखणारे केवळ घर्षण असते, आणि रॉडसारखी लांब तरफ त्या घर्षणाविरुद्ध उभी केल्यावर निकाल ठरलेलाच असतो.

थोडा हिशेब मांडतो. समजा, आपला दोरा ३० पौंडांचा आहे, म्हणजे सुमारे १३.६ किलो. ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीनंतर दोरा सुटू देणारा रीलचा ब्रेक, साधारणपणे दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा कमी इतका ठेवतात, म्हणून तो ४ किलो धरू. साडेसहा फुटी रॉड २० सेंटिमीटर खोल नळीत उभा असेल आणि वाकल्यानंतर त्याची परिणामी लांबी १.६ मीटर उरत असेल, तर शेंड्यावरचे हे ४ किलो होल्डरच्या वरच्या ओठावर सुमारे ३६ किलो होऊन येतात आणि तळाशी ३२ किलो उलट्या दिशेने दाबतात. होल्डर १० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बोल्टांवर टांगलेला असेल, तर वरच्या बोल्टावर ६५ ते ७० किलोंची ओढ येते. ही झाली सावकाश ओढ. सुरमई वेगात येऊन आदळते तेव्हा, ड्रॅग फिरू लागण्यापूर्वीच्या त्या क्षणात, बोल्टाला याहून मोठा हिसका बसतो.

म्हणून फायबरमध्ये नुसते आट्याचे स्क्रू पिळून होल्डर बसवू नये. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या फायबरमध्ये स्क्रूला धरायला काही मिळत नाही आणि एका हंगामात ते भोक गुळगुळीत होते. आरपार बोल्ट घ्यावा, तो ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असावा, मागच्या बाजूने तळहाताएवढी मरिन प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी द्यावी, मोठा वॉशर घालावा आणि आत नायलॉनचे कडे असलेला नट लावावा, कारण इंजिनाच्या थरथरीने साधा नट आपोआप सैल होतो. प्लायच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्या नाहीत, तर दोन पावसाळ्यांत त्या फुगतात. ॲल्युमिनियमची पट्टी वापरल्यास स्टील आणि तिच्यामध्ये सीलंटचा थर ठेवावा, अन्यथा खाऱ्या पाण्यात पट्टी पांढरी पडून खाल्ली जाते.

काठ चार बोटेच असेल, तर काठात वरून भोक पाडून बसवायच्या होल्डरचा विचार सोडून द्या. काठाच्या आतल्या उभ्या भिंतीवर बाजूने बसणारा होल्डर घ्या. रेलिंगवरच बसवायचा आग्रह असेल, तर पकड आणि नळी यांमधून एक ६ मिलिमीटरचा बोल्ट आरपार घाला. नळीला भोक पडते, हे खरे, परंतु पकड फिरण्याचा प्रश्न कायमचा मिटतो.

जुना तांडेल

हिशेब योग्य आहे. तरीही ज्यांच्याकडे बोल्टही नव्हते आणि रॉडही नव्हते, त्यांनीही सुरमई ओढून आणली आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

आमच्या लहानपणी शिडाच्या होडीतून नुसता दोराच मागे सोडलेला असे. दोऱ्याचा एक वेढा घेऊन तो पायाच्या अंगठ्याला अडकवून सुकाणूवर बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या अंगठ्यावर जन्मभर राहिलेला पांढरा वळही पाहिला आहे. तसे कोणी करू नये. शहाणी माणसे दोरा होडीच्या आडव्या दांड्याला बांधत आणि मध्ये ट्रकच्या ट्यूबची हातभर पट्टी जोडत. मासा लागला की पट्टी ताणली जाई, हिसका तिच्यात विरून जाई आणि लांबलेली पट्टी पाहूनच मासा केवढा आहे, ते कळे. होल्डर पहाडासारखा घट्ट असलाच पाहिजे, असे मला म्हणूनच वाटत नाही. कुठेतरी लवचीकपणा हवा.

उलांडीच्या, म्हणजे एका बाजूला तोल सांभाळणारे लाकूड जोडलेल्या, होडीतून ट्रोलिंग करणाऱ्यांसाठी एक सूचना. उलांडीच्या बाजूला रॉड लावू नका. मासा त्या बाजूला पळाला की दोरा उलांडीच्या लाकडावर घासतो आणि तिथे चिकटलेली खरपे सुरीसारखी चालतात. दोन्ही रॉड मोकळ्या बाजूला, एक पुढे आणि एक मागे लावावेत.

फायबरवाला

तांडेलकाका, लवचीकपणा हवाच, याबद्दल दुमत नाही. मात्र आपल्या ट्यूबच्या पट्टीचे काम आता रॉडचा वाकलेला वरचा भाग आणि रीलचा ड्रॅग मिळून करतात. त्या दोघांनी हिसका पचवायचा असेल, तर त्यांच्या बुडाशी असलेली नळी हलता कामा नये. होल्डरच डुगडुगत असेल, तर पहिला हिसका त्याच्या सैलपणात वाया जातो आणि दुसरा थेट बोल्टावर आदळतो. सैल होल्डर म्हणजे लवचीक होल्डर नव्हे.

जुना तांडेल

मान्य आहे. दाव्याचा खुंटा पक्का आणि दावे लवचीक, असे म्हणा.

मांडवीकाठ

मी पणजीहून लिहीत आहे. आमच्याकडे सुरमईला इसवण म्हणतात, मात्र तिचे दात दोन्हीकडे सारखेच आहेत.

होल्डर कसा बसवावा, हे वर नेमके आले आहे. रॉड कोणत्या दिशेने आणि किती उंच ठेवावा, यावर मात्र अजून कोणी लिहिलेले नाही, आणि मूळ धाग्यातील दुसऱ्या तक्रारीचे उत्तर माझ्या मते तिथे आहे. रॉड जवळजवळ उभा ठेवला, तर त्याचा शेंडा पाण्यापासून अडीच मीटर उंच जातो. होडी प्रत्येक बाजूला १० अंश झुकली, तर तो शेंडा दोन्ही बाजूंना सुमारे ४३ सेंटिमीटर फिरतो, म्हणजे एका हेलकाव्यात पाऊण मीटरहून अधिक. तेवढा दोरा क्षणात ओढला जातो आणि क्षणात सैल पडतो, लूर झटके खात चालतो, आणि वाऱ्याचा दाब दोऱ्यावर पडतो तो वेगळाच. त्याऐवजी रॉड काठापासून बाहेरच्या बाजूला झुकवून, आडव्या रेषेपासून ३० अंशांच्या आसपास ठेवला, तर शेंडा खाली राहतो आणि त्याचे आडवे झुलणे कमी होते. शिवाय दोन रॉड दोन बाजूंना पंखांसारखे पसरल्यामुळे दोरे एकमेकांपासून दूर राहतात.

रॉड सरळ मागे, दोऱ्याच्या रेषेतच रोखून मात्र कधीही ठेवू नये. तसे केले की रॉड वाकतच नाही, सगळी ओढ थेट रीलवर येते आणि बुंधा नळीतून सरळ बाहेर ओढला जातो. खडपावरचा यांचा होल्डर फिरून ज्या स्थितीत गेला, ती नेमकी हीच होती.

आता शेंड्याविषयी लिहितो, कारण माझ्या दृष्टीने सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. पुढे जीभ असलेला, खोल जाणारा लूर ५ ते ६ नॉट वेगाने, म्हणजे ताशी ९ ते ११ किलोमीटरने ओढला की तो पाण्यात सतत डोलतो, आणि ते डोलणे दोऱ्यातून शेंड्यापर्यंत येते. शेंडा बारीक, एकसारखा थरथरतो. पाहणाऱ्याला वाटावे की रॉडला हुडहुडी भरली आहे. ती थरथर सुरू आहे, तोवर लूर ठीक आहे. थरथर थांबून शेंडा नुसता जड होऊन वाकला, तर गळाला शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे असे समजावे. थरथर थांबून शेंडा सरळ झाला, तर लूरला जोडलेली तार तुटली आहे किंवा मासा लूर घेऊन होडीच्या दिशेनेच येत आहे. बुंधा नळीत खडखडत असेल, तर ही सगळी भाषा त्या आवाजात बुडून जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा नळीच्या आत बसवून पाहा; फरक पहिल्या फेरीतच जाणवेल.

आणि वळताना घाई करू नका. होडी वळते तेव्हा आतल्या बाजूचा दोरा सैल होतो आणि बाहेरच्या बाजूच्या लूरचा वेग वाढतो. आतल्या दोऱ्याला धातूचा चमचा असेल, तर तो बुडून खडपात जाऊन अडकतो आणि मग होडीच त्याला ओढू लागते. होल्डर उपटण्याची ही दुसरी मोठी तऱ्हा आहे आणि तिच्यात मासा कुठेही नसतो.

बर्फाळ तळे

टोरांटोहून नमस्कार. मी मूळचा चिपळूणचा असून गेली काही वर्षे ओंटारिओ सरोवरात मित्राच्या १९ फुटी बोटीवर चिनूक सामन मासा पकडायला जातो. हा मासा इथला नव्हे, पॅसिफिक महासागराकडचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या महासरोवरांत त्याची पिल्ले मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आली आणि तेव्हापासून इथे ट्रोलिंगला जोर चढला.

इथला वेग तुमच्यापेक्षा बराच कमी, म्हणजे ताशी साडेतीन ते पाच किलोमीटर असतो. परंतु उन्हाळ्यात मासा खोल, थंड पाण्यात राहत असल्यामुळे डाउनरिगर वापरतात. साडेचार-पाच किलोंचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडतात आणि रॉडचा दोरा त्या तारेला एका चिमट्याने अडकवतात. नंतर दोरा इतका ताणतात की होल्डरमधला रॉड धनुष्यासारखा वाकून शेंडा पाण्याकडे पाहू लागतो. माशाने लूर घेतला की चिमटा सुटतो आणि रॉड ताडकन सरळ होतो. म्हणजे इथे होल्डरला ओढ मासा लागल्यावर लागत नाही, ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतेच. त्यामुळे इथल्या बोटींच्या काठावर ॲल्युमिनियमची जाड खाचदार पट्टी टोकापासून टोकापर्यंत बोल्टांनी बसवतात आणि होल्डर तिच्यावर हवा तिथे सरकवून आवळतात. ओढ एका ठिकाणी न येता सगळ्या काठात वाटली जाते. चार बोटांच्या काठावर ही पट्टी आतल्या बाजूने सहज बसावी.

एक गोष्ट मात्र इथून जरूर उचला. प्रत्येक रॉडला एक दावे असते. रीलच्या बुडाशी किंवा रॉडच्या पकडीवर एक दोरी, तिचे दुसरे टोक काठावरच्या कडीला. होल्डर तुटला तरी रॉड होडीबरोबर राहतो. त्याला लागणारा खर्च एका चहाच्या फेरीएवढाही नाही.

खडपावरचा

चहाचा उल्लेख टाळता आला असता.

भांगाची भरती

माझ्याकडे फिरते रील, म्हणजे रॉडच्या खाली लोंबणारे स्पिनिंग रील आहे. खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी अगदी सावकाश ट्रोलिंग करतो. विकतचा होल्डर न घेता पीव्हीसी पाइपचा करता येईल काय? आणि रॉड नळीत स्वतःभोवती फिरतो, त्याचे काय करावे?

फायबरवाला

करता येतो आणि खाडीच्या कामाला तो उत्तम चालतो. बाहेरून ५० मिलिमीटर व्यासाचा, जाड भिंतीचा पाइप ३० सेंटिमीटर लांब कापावा. परंतु आधी आपल्या रॉडचा बुंधा मोजून घ्यावा. पाइपच्या तोंडापासून खाली सात-आठ सेंटिमीटर लांबीची, रीलचा दांडा आत बसेल इतक्या रुंदीची खाच पाडावी. रील त्या खाचेत उतरते आणि स्पिनिंग रॉडचे फिरणे तिथेच थांबते. खाचेच्या कडा कानशीने गोल कराव्यात. तोंड किंचित पसरट हवे असेल, तर पाइपचे टोक काही मिनिटे उकळत्या पाण्यात धरावे, ते मऊ पडते, आणि मग त्यात बाटलीचा निमुळता भाग दाबून थंड होऊ द्यावे. आचेवर थेट भाजू नये, त्याचा धूर घातक असतो. पाइपचा तळ बंद करू नये, नाहीतर त्यात खारे पाणी साचून राहते. बुंधा खालून निसटू नये म्हणून तळाशी एक ६ मिलिमीटरचा आडवा बोल्ट घालावा.

रॉडच्या वर बसणारे मल्टिप्लायर रील असेल, तर हाच आडवा बोल्ट दुहेरी काम करतो. अशा रॉडच्या बुडाला अधिक चिन्हासारखी खाच असते. ती बोल्टावर बसली की वरचे जड रील कलंडू शकत नाही. पीव्हीसीला ऊन सोसत नाही. रंगाचा हात दिला नाही, तर दोन-तीन वर्षांत तो ठिसूळ होतो आणि मग भर समुद्रात चिरतो. सुरमईसाठी मी तो सुचवणार नाही.

मांडवीकाठ

एक पुरवणी. ड्रॅग हाताच्या अंदाजाने लावू नका. किनाऱ्यावर असतानाच रॉड होल्डरमध्ये ठेवा, दोऱ्याला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि जोडीदाराला मागे चालत जायला सांगा. काटा किती किलोंवर असताना रील फिरू लागते, ते पाहून ड्रॅग ठरवा. रॉड हातात धरून सरळ रेषेत ओढलेला आकडा आणि होल्डरमध्ये वाकलेल्या रॉडमधून येणारा आकडा यांत फरक पडतो, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर दोरा घासतो. याच वेळी होल्डरही तपासला जातो. जो होल्डर जमिनीवर किरकिरतो, तो पाण्यात टिकणार नाही.

खडपावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन फेऱ्या झाल्यावरच लिहायचे, असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

रेलिंगवरचे होल्डर काढून टाकले. काठाच्या आतल्या भिंतीवर दोन स्टीलचे होल्डर आरपार बोल्टांनी बसवले आणि मागे १२ मिलिमीटर मरिन प्लायची पट्टी दिली. दोन्ही रॉड बाहेरच्या बाजूला झुकवले, नळीत सायकलची ट्यूब घातली आणि प्रत्येक रॉडला दावे बांधले. काट्याने ड्रॅग लावताना कळले की आजवर मी ज्याला चार किलो समजत होतो, ते प्रत्यक्षात साडेसहा होते. फेब्रुवारीच्या अपघाताचा निम्मा दोष तिथेच सापडला.

पहिल्या फेरीत मासा लागला नाही, तरी शेंड्याची थरथर पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. दोनदा ती बंद पडली आणि दोन्ही वेळा लूर ओढून पाहिला तेव्हा एकदा शेवाळ आणि एकदा वेफरचे रिकामे पाकीट निघाले. पूर्वी अशी पाकिटे मी तासन् तास ओढत असणार. तिसऱ्या फेरीत निवतीच्या अलीकडे डाव्या रॉडवर सुरमई आली. होल्डर जागचा हलला नाही. नंतर मोजली, तेव्हा ती सहा किलोंना थोडी कमी भरली.

एक अडचण मात्र नव्याने उभी राहिली आहे. मासा ओढत असताना रॉड होल्डरमधून निघेचना. दोन्ही हातांनी उपसला, तरी तो नळीत पाचरीसारखा अडकून राहिला आणि त्या गोंधळात मासा जवळजवळ गमावला होता. ट्यूब काढून टाकावी काय?

जुना तांडेल

ट्यूब राहू द्या. आपण रॉड माशाच्या ओढीविरुद्ध उपसत होता, म्हणून बुंधा वरच्या ओठाला आणि तळाला रेटून बसला होता. मासा लागला की सुकाणूवरच्या माणसाने आधी वेग कमी करावा, मात्र इंजिन बंद करू नये, नाहीतर दोरा सैल पडतो. रॉड काढणाऱ्याने एक हात रीलच्या वर पकडीवर ठेवून रॉड किंचित होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, ढकलावा, म्हणजे नळीतला दाब सुटतो, आणि त्याच क्षणी नळीच्या रेषेतच सरळ वर उचलावा. दावे आधी सोडू नये. रॉड हातात घट्ट आल्यावर दुसऱ्या माणसाने ते सोडावे. किनाऱ्यावर जोडीदाराला दोरा ओढायला लावून दहा वेळा करून पाहा.

खडपावरचा

काल संध्याकाळी वाळूत करून पाहिले. चौथ्या वेळेपासून रॉड सहज निघू लागला. दोरा ओढायला धाकट्या मुलाला उभे केले होते, आणि तो सुरमईपेक्षा जास्त पळाला.